पोस्टरची ‘कंडिशन’ कशी वाचायची

नौपाड्यातल्या माझ्या घरी पलंगाखाली जुन्या सिनेमांची चाळीसेक पोस्टरं सपाट ठेवली आहेत. बहुतेक ऑनलाइन घेतलेली. विक्रेत्याने ‘गुड’ लिहिलं म्हणजे पोस्टर चांगलं, असं समजू नका. मिंट, निअर मिंट, व्हेरी फाइन, फाइन, व्हेरी गुड आणि त्याच्याही खाली गुड, अशी ती पोस्टरच्या अवस्थेच्या दर्जांची उतरंड आहे. म्हणजे फाटलेलं, डागाळलेलं, टाचण्यांची भोकं असलेलं पोस्टरही ‘गुड’च.

घड्यांना मात्र घाबरू नका. पूर्वी पोस्टरं घडी घालूनच थिएटरांकडे जायची. १९६०च्या आसपासच्या पोस्टरवर एकही घडी नसेल तर मी उलट जास्त चौकशी करते. घड्या एकमेकींना छेदतात तिथे कागद विरतो, भोक पडतं. त्याचा जवळून फोटो मागा. आणि मागच्या बाजूचा तर मागाच, चिकटपट्टीचे पिवळे डाग तिथेच दिसतात. ‘लिनन-बॅक्ड’ म्हणजे मागून कापड लावलेलं. मग कुठे दुरुस्ती केली, कुठे रंग भरला, हे लेखी विचारा.

एकदा मला कड कापलेलं पोस्टर आलं, वर्णनात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. आपल्याकडचं नेहमीचं माप ३० बाय ४० इंच. आता लांबी-रुंदी लिहून घेतल्याशिवाय मी पैसे भरत नाही.