पुण्यात नोकरीला येताय? खोलीआधी पेट्रोलचा हिशेब करा

धाकट्या भावाला सांगितलं तेच इथे लिहिते. खोलीचं भाडं एकटं बघू नका. ऑफिस जाऊन-येऊन 30 किलोमीटर असेल, तर 25 दिवसांचे 750 किलोमीटर होतात. गाडीचं ॲव्हरेज 45 आणि पेट्रोल लिटरला 105 धरलं, तर महिन्याला 1,750 रुपये. वर ऑइल, ब्रेक, टायर आलेच. म्हणजे लांबची खोली हजार रुपयांनी स्वस्त असली तरी ती महागच पडते. वनाज–रामवाडी किंवा पिंपरी–स्वारगेट मेट्रोच्या स्टेशनजवळ चालत जाता येईल अशी जागा आधी शोधा.

गाडी लागतेच? मग हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते चेनकव्हरच्या किंवा स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर छापलेलं असतं. पंपावरचा पोरगा अंदाजाने भरतो, त्याला आकडा सांगा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवा. ते लगेच अडकत असेल तर ब्रेक घासतोय, आणि तुमचं पेट्रोल तिथेच जळतंय. असा ब्रेक त्याच दिवशी सैल करून घ्या.

इन्शुरन्स मात्र कधीच चुकवू नका. पहिल्यांदा पकडलं तर दंड 2,000 रुपये. 150 सीसीपर्यंतच्या गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी (म्हणजे समोरच्याच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या) इन्शुरन्सचा हप्ता त्याहून कितीतरी कमी आहे. पैशापेक्षा मला काळजी अपघाताची वाटते: समोरच्याची भरपाई स्वतःच्या पगारातून कशी देणार?

जेवणाचं म्हणाल, तर मेसचा डबा एकच वेळचा लावा. सकाळी पोहे, रात्री खिचडी खोलीवर सहज होते.