समुद्राचं जुनं तापमान काढताय? या चुका टाळा

काळ्या रानातली भुईमुगाची शेंग वरून कितीही धुवा, फोडली की आत थोडी माती निघतेच. जळगाव-धुळ्याकडची मुलं समुद्रतळाच्या गाळावर काम करायला येतात, तेव्हा त्यांना मी आधी हेच सांगते.

या गाळात फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं असतात, खसखशीहून बारीक. पाणी उबदार असेल तर कवचात कॅल्शियमच्या मानाने मॅग्नेशियम जास्त भरतं, अंशामागे साधारण ९ टक्के. पण मॅग्नेशियम चिकणमातीतही असतं, आणि आपली तापी बेसाल्टची काळी माती घेऊनच अरबी समुद्राला मिळते. कवचाच्या पोटात तेवढी माती राहिली, तर समुद्र उगाच एखाद्या अंशाने तापलेला दिसतो.

म्हणून धुण्यात घाई नको. दोन काचपट्ट्यांत कवच अलगद दाबून कप्पे उघडा. पीठ करू नका. मग पाणी, मिथेनॉल आणि अल्ट्रासोनिक बाथ. पाणी दुधाळ होतं, तुकडे तळाला बसतात, माती अजून तरंगत असते. त्या काही सेकंदांतच वरचं पाणी पिपेटने ओढून घ्या. पाणी नितळ होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. सोबत ॲल्युमिनियमही मोजा, ते मातीतून येतं. मॅग्नेशियम आणि ते जोडीने चढत असतील तर माती राहिली आहे. तो आकडा बाद करा, सरासरीत दडवू नका.

फोरॅमिनिफेराच्या जाती मिसळू नका. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर वरच्या उबदार पाण्यातली. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस पश्चिम अरबी समुद्रात पावसाळी वाऱ्यांनी खालचं थंड पाणी वर आलं की फोफावते.

शैवालांच्या अल्केनोनवर, म्हणजे गाळात टिकून राहणाऱ्या त्यांच्या स्निग्ध रेणूंवर, काम करत असाल तर सांभाळा: २८ अंशांच्या पुढे त्यांवरून काढलेला तापमानाचा निर्देशांक १ ला टेकतो, मग फरक कळत नाही. कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांत, म्हणजे हलक्या-जड अणूंच्या प्रमाणात, तर तापमानासोबत ध्रुवांवरचा बर्फ आणि पाण्याचा खारेपणाही मिसळलेला असतो. एकट्या त्यांवर तापमान सांगू नका.

वयाचं सांगायचं तर, रेडिओकार्बनने काढलेल्या कवचाच्या वयातून समुद्राच्या पाण्याचं जुनेपण वजा करा, सर्वसाधारणपणे ४०० वर्षं. शिवाय किडे वरचा सुमारे १० सेंटिमीटर गाळ ढवळतात. हजार वर्षांत ५ सेंटिमीटर गाळ साचत असेल, तर त्या थरात २,००० वर्षं एकत्र कालवलेली असतात. अशा गाभ्यात, म्हणजे तळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यात, १९७२ चा दुष्काळ शोधू नका.