मिररला बॅकअप समजू नका: ओपन सोर्स प्रकल्प चालवताना या चुका टाळा

कोडच्या पन्नास मिरर, म्हणजे आपोआप जुळत राहणाऱ्या प्रती, जगभर पसरल्या आहेत, या भरवशावर आपण निर्धास्त असतो. पण त्या सगळ्या एकाच सर्व्हरकडे बघून स्वतःला जुळवून घेत असतील, तर तो बिघडला की सगळ्याच बिघडतात. मार्च २०१३ मध्ये केडीई या ओपन सोर्स प्रकल्पाचा मुख्य गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) सर्व्हर अपडेटनंतर पुन्हा सुरू झाला तो खराब फाइल सिस्टिम घेऊनच. मिरर तिथली रिपॉझिटरींची (कोडच्या साठ्यांची) यादी वाचायचे. यादीच बिघडलेली, त्यांनी इमानेइतबारे आपल्याकडच्या रिपॉझिटरीही पुसल्या. एकूण सुमारे १५०० होत्या. एका सर्व्हरवरची प्रत नशिबाने शाबूत राहिली, म्हणून निभावलं.

म्हणून बॅकअप वेगळ्या मशीनने स्वतः खेचून घ्यावा, तारखेनिशी जुन्या प्रती ठेवाव्यात आणि मुख्य सर्व्हरला त्या पुसण्याचा अधिकार देऊ नये. प्रत शाबूत आहे का हे तपासणारी ‘गिट एफएससीके’ ही आज्ञा तिच्यावर नियमित चालवा.

दुसरी चूक मला जास्त घातक वाटते: बॅकअप घ्यायचा, पण तो परत उतरवून कधीच बघायचा नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवण्याच्या सेवेत चालू डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. पीजी-डंपचा (डेटाबेसची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमचा) जॉब लावलेला होता, पण तो ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो फेल होत होता. तसं कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) कामी आला. तेव्हा ‘फेल झाला तर मेल’ यावर विसंबू नका. जॉब यशस्वी झाला की नोंद पडावी, आणि नोंद आली नाही तर दुसऱ्याच मशीनने बोंब मारावी. महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनवर सगळं उभं करून पाहा.

साइट अचानक गायब झाली, तर सर्व्हर रीस्टार्ट करत बसण्याआधी हूइजमध्ये (डोमेनची नोंद दाखवणाऱ्या सेवेत) डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत बघा. आमच्या गटाने यात अख्खा रविवार घालवला होता. डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारच्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा होता! डोमेन संपलं, ईमेल बंद पडला, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठे? तो ईमेल बाहेरचा ठेवा आणि खात्याचा ताबा किमान दोघांकडे द्या.

मात्र दुसरा माणूस घाईने नेमू नका. एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाची जबाबदारी एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर (देखभाल करणाऱ्यावर) होती. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्याने सुमारे दोन वर्षं काम करून विश्वास कमावला आणि ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा घातला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरण्याच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो सापडला. एक्सझेडमध्ये त्या चोरदरवाज्याचा एक भाग रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी बांधलेल्या फाइलमध्ये) होता, गिटमध्ये नव्हताच. रिलीज एकाने बांधला, तर दुसऱ्याने तो टॅगवरून (गिटमधल्या त्या आवृत्तीच्या खुणेवरून) स्वतः बांधून ताडून बघावा आणि मगच तो बाहेर पडावा.