सुपरहिरोचा गेम कंटाळवाणा वाटतोय? आधी या चुका टाळा

ओपन-वर्ल्ड (अख्ख्या शहरात मोकळं फिरता येणाऱ्या) सुपरहिरो गेमबद्दल खेळाडू काय बोलतात ते ऐकलं की एक गंमत लक्षात येते. पहिले दोन-तीन तास सगळे कौतुकात बुडालेले असतात. काय ते शहर, काय ते झोके! मग हळूहळू सूर बदलतो. ‘तीच तीच मारामारी.’ ‘नकाशाभर चिन्हं, पण करायला काही नाही.’ ‘झोके घेताना गेम अडकतो.’ यातल्या काही तक्रारी रास्त आहेत, त्यांच्याकडे शेवटी येतो. पण बऱ्याचशा तक्रारींचं मूळ खेळण्याच्या सवयीत असतं. बहुतेक जण हा गेम इतर कुठल्याही ॲक्शन गेमसारखा खेळतात: मोहिमेच्या खुणेकडे धावायचं, बटणं बडवायची, पुढची खूण शोधायची. सुपरहिरोच्या गेममध्ये दोन मोहिमांच्या मधला प्रवास भरणा म्हणून ठेवलेला नसतो. सगळा गेम त्याच्याभोवती बांधलेला असतो. तो प्रवास नीट जमला नाही तर उरलेलं सगळं बेचव लागणारच.

उदाहरणं मुख्यतः इन्सोम्नियाक स्टुडिओच्या ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ची देतो, कारण २०१८ पासून सर्वाधिक चर्चा त्याची आणि त्याच्या पुढच्या भागांची आहे. बटणांची नावं प्लेस्टेशनच्या कंट्रोलरची आहेत.

झोका घेताना आर२ धरून बसणं

सगळ्यात मोठी चूक हीच. आर२ दाबला की जाळं सुटतं आणि माणूस लोंबकळत पुढे जातो, म्हणून नवा खेळाडू तो दाबूनच ठेवतो. झोका संपेपर्यंत वेग मेलेला असतो. पुढचा झोका पुन्हा शून्यातून सुरू. ‘हालचाल जड वाटते’ असं म्हणणाऱ्याचं खेळणं दोन मिनिटं पाहा, बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं.

जाळं केव्हा सोडायचं यात सगळं कसब आहे. झोका खालच्या टोकाला असताना सोडलात तर शरीर समोर फेकलं जातं आणि वेग मिळतो. वर चढताना, टोक गाठण्याच्या जरा आधी सोडलात तर उंची मिळते. सोडतानाच क्रॉस दाबलात तर उडीची जोड मिळते. उंचावर पोहोचलात की लगेच दुसरं जाळं टाकू नका. एल३ दाबून खाली सूर मारा, जमीन जवळ येऊ द्या आणि मग आर२ दाबा. त्या सुराने कमावलेला वेग पुढच्या झोक्यात उतरतो. उंची म्हणजे साठवलेला वेग, एवढं डोक्यात बसलं की मॅनहॅटन एकदम लहान वाटायला लागतं.

एल२ आणि आर२ एकत्र दाबून एखाद्या कठड्यावर किंवा खांबावर झेप घेता येते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाय टेकण्याच्या क्षणी क्रॉस दाबला तर तिथून पुढे जोरदार उसळी मिळते, हे अनेक जण ट्युटोरियलनंतर विसरूनच जातात. मग ते कठड्यावर थांबतात, आजूबाजूला बघतात, पुन्हा उडी मारतात. सगळी लय तुटते.

सेंट्रल पार्कमध्ये किंवा बुटक्या इमारतींच्या भागात ‘झोके बिघडले’ अशी तक्रारही हमखास येते. बिघडलेलं काही नसतं. या गेममध्ये जाळं आभाळाला चिकटत नाही, त्याला खरोखर काहीतरी धरावं लागतं. झाडांच्या उंचीवर झोका लहानच मिळणार. तिथे हवेत क्रॉस दाबून पुढे खेचून घेण्याची युक्ती वापरा. २०२३ च्या दुसऱ्या भागात यावर पंखांचा उतारा आहे: ट्रँगल दाबून वेब विंग्ज उघडायचे आणि वाऱ्याच्या बोगद्यांमधून ईस्ट रिव्हर ओलांडून क्वीन्स किंवा ब्रुकलिन गाठायचं. तरी दुसऱ्या भागात काही जण झोके सोडून फक्त पंखांवर तरंगत राहतात आणि वर ‘पहिल्या भागातली मजा नाही’ म्हणतात. मजा सेटिंगमध्येही थोडी दडलेली आहे. स्विंग असिस्टचा (झोके घेताना गेम किती मदत करतो त्याचा) आकडा १० वरून खाली आणा, हवं तर पडल्यावर इजा होण्याचा पर्याय चालू करा. प्रत्येक झोक्याला किंमत येते.

आणि फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून थेट दुसरीकडे पोहोचण्याचा पर्याय? दुसऱ्या भागात तो इतका झटपट आहे की मोह होतोच. निदान मुख्य कथा संपेपर्यंत तरी त्याला हात लावू नका.

स्क्वेअर बडवत राहणं

‘मारामारी एकसुरी आहे’ असं म्हणणाऱ्यांना एकच विचारावंसं वाटतं: गॅजेट, म्हणजे जाळ्याची खास अस्त्रं, किती वापरलीत? उत्तर साधारण असं असतं, ‘मोठ्या लढाईसाठी राखून ठेवली होती.’ राखून ठेवू नका. गुंडांना लोळवत गेलात की गॅजेट पुन्हा भरत जातात. इम्पॅक्ट वेबचा एक फटका भिंतीजवळ उभ्या असलेल्या गुंडाला थेट भिंतीला चिकटवतो, त्याचा तिथेच निकाल. त्यामुळे लढाई सुरू होताच आधी भिंती कुठे आहेत ते पाहा. गच्चीवर असाल तर कडा कुठे आहे ते पाहा. कडेवरून ढकललेला गुंड खाली पडून मरत नाही, तो इमारतीच्या बाजूला जाळ्यात अडकलेला सापडतो. स्पायडर-मॅन कोणाला मारत नाही हा नियम गेमने इतक्या हौसेने पाळलाय की त्याचा फायदा न घेणं म्हणजे वेडेपणा.

दुसरी सवय जमिनीवर लढण्याची. स्क्वेअर दाबून धरलात की शत्रू हवेत उडतो आणि तुम्हीही त्याच्याबरोबर वर जाता. तिथे खालच्यांच्या मुठी आणि काठ्या पोहोचत नाहीत. बंदुका आणि रॉकेट मात्र पोहोचतात, म्हणून ट्रँगल दाबून आधी बंदूकवाल्यांवर झेप घ्या. ढालवाल्याला समोरून मारत बसू नका, सर्कलने त्याच्या पायांखालून पलीकडे सरका. धिप्पाड गड्यावर नुसत्या मुठींचा परिणाम होत नाही, आधी त्याला जाळ्यात गुंडाळा आणि मग हात साफ करा. एल१ आणि आर१ एकत्र दाबून आसपासचं सामान फेकता येतं, तेही करा.

फोकसच्या पट्टीबाबतही गोंधळ असतो. तीच पट्टी जखमा भरायला लागते आणि तीच फिनिशरला, म्हणजे शत्रूला एका झटक्यात लोळवणाऱ्या फटक्याला. घाबरट खेळाडू ती आजारपणाच्या रजेसारखी जपून ठेवतो आणि शेवटी न वापरताच आडवा होतो. डोक्याभोवती इशाऱ्याच्या रेषा दिसल्या की घाई न करता अगदी शेवटच्या क्षणी सर्कल दाबा. अशा अचूक चुकवण्यानेही फोकस भरतो, म्हणजे बचावातूनच उपचार होतात. दुसऱ्या भागात काही हल्ले चुकवून भागत नाही, एल१ ने परतवावे लागतात. तो फरक अंगवळणी पडेपर्यंत चिडचिड होते, मग तीच लढाई आवडायला लागते.

नकाशावरचं प्रत्येक चिन्ह आत्ताच पुसणं

नवा भाग उघडला की पाठीवरच्या पिशव्या, तळ, संशोधन केंद्रं, सगळं एका बैठकीत उरकायचं, हा हिशेबी स्वभाव या गेमचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. पहिल्या भागात नुसत्या पिशव्याच ५५ आहेत. एकामागून एक गोळा केल्या तर ते काम होतं. मोहिमेकडे जाताना वाटेत दिसली म्हणून उचलली, तर पीटरच्या, म्हणजे स्पायडर-मॅनच्या, जुन्या आयुष्यातली एखादी वस्तू सापडल्याचा आनंद होतो. रेडिओवर गुन्ह्याची बातमी आली म्हणून प्रत्येक वेळी वळायचं बंधन नाही. गुन्हे पुन्हा घडतात.

उलट टोकाची चूक म्हणजे सगळं शेवटासाठी ठेवणं. पहिल्या भागात कथेच्या उत्तरार्धात शहराचा रंगच पालटतो आणि रस्ते बरेच धोकादायक होतात. निवांत भटकायचं असेल तर त्याआधीचा काळ उत्तम. कामं करून मिळालेली टोकन खर्च करताना सुरुवातीला सूटपेक्षा गॅजेटकडे लक्ष द्या.

सूटवरून आठवलं: एखाद्या सूटची खास शक्ती आवडली म्हणून नावडता सूट घालून फिरणारे लोक आहेत! सूट मिळाला की त्याची शक्ती मोकळी होते, ती कोणत्याही सूटला लावता येते. मेनू उघडून पाहा.

अर्कमच्या शहरात निळ्या चष्म्यातून बघणं

रॉकस्टेडी स्टुडिओच्या बॅटमॅन मालिकेत, विशेषतः २०११ च्या ‘अर्कम सिटी’त, भिंतीपलीकडचे शत्रू दाखवणारा डिटेक्टिव्ह मोड इतका उपयोगी आहे की अनेक जण तो बंदच करत नाहीत. मग सगळं शहर निळसर सांगाड्यांचं दिसतं आणि ‘गेममध्ये रंगच नाहीत’ असं मत तयार होतं. खोलीत शिरताना एकदा चालू करा, पहारेकरी मोजा, बंद करा.

इथल्या लढाईत बटण बडवण्याची शिक्षाही लगेच मिळते. फटका बसण्याच्या क्षणी एकदाच दाबलं तर क्रिटिकल स्ट्राइकचं कौशल्य काम करतं, धडाधड दाबलं तर करत नाही. उडण्याबाबत म्हणाल तर ग्रॅपनेल बूस्ट (दोरीने खेचून हवेत उंच फेकणारी सोय) एआर ट्रेनिंग नावाचे सराव पूर्ण केल्यावर मिळतो. ते रटाळ वाटतं म्हणून टाळणारे अख्खा गेम छतावरून छतावर रांगत काढतात. आधी ते उरकून घ्या.

‘इन्फेमस’ मालिकेत, सिएटलमध्ये घडणाऱ्या ‘सेकंड सन’सकट, चूक वेगळी आहे: थोडं चांगलं, थोडं वाईट असं वागणं. माणूस म्हणून ते खरं वाटेल, पण वरच्या पातळीच्या शक्ती कर्माच्या, म्हणजे चांगल्या-वाईट वागण्याच्या मापाच्या, एका टोकाला गेल्यावरच मिळतात. एक बाजू निवडा. दुसरी पुढच्या खेपेला खेळा.

गच्चीवर उभं राहून सेटिंग ठरवणं

आता पीसीवाल्यांसाठी. ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन रीमास्टर्ड’ १२ ऑगस्ट २०२२ ला पीसीवर आला, दुसरा भाग ३० जानेवारी २०२५ ला. दोन्हींबाबत तक्रार एकच: मेनूत आणि गच्चीवर फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) झकास, झोके घेताना धक्के. याचं कारण गेमच्या रचनेत आहे. वेगाने जाताना पुढचे रस्ते, गाड्या, माणसं सतत ड्राइव्हवरून उचलून उलगडावी लागतात. प्लेस्टेशन ४ च्या हार्ड डिस्कला हा वेग झेपावा म्हणून टपालपेटीसारख्या साध्या वस्तूंचा डेटा डिस्कवर शेकडो जागी पुन्हा पुन्हा लिहून ठेवावा लागला होता. प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या पीएस५ वरच्या भाषणात याच गेमचं उदाहरण देऊन हा आकडा ४०० पर्यंत जात असल्याचं सांगितलं होतं. तेव्हा पहिली गोष्ट, गेम एसएसडीवर टाका.

दुसरी गोष्ट, रे ट्रेसिंगचा (खऱ्यासारखा प्रकाश आणि प्रतिबिंबं दाखवण्याच्या तंत्राचा) भार फक्त ग्राफिक्स कार्डवर पडतो हा गैरसमज सोडा. प्रतिबिंबात दिसणाऱ्या वस्तूंची हद्द ठरवणारी ‘ऑब्जेक्ट रेंज’ प्रोसेसरला घाम फोडते. ती निम्म्यावर आणा, डोळ्याला फारसा फरक कळत नाही. अर्धा-पाऊण तास खेळल्यावर भिंती चिखलासारख्या दिसायला लागल्या आणि फ्रेम कोसळल्या, तर व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डची मेमरी, भरली असं समजा. टेक्स्चर एक पायरी खाली करा आणि गेम बंद करून पुन्हा सुरू करा. प्रत्येक बदलाची परीक्षा टाइम्स स्क्वेअरवरून वेगात जाताना घ्या. फ्रेम जनरेशनने (मधल्या कृत्रिम फ्रेम घालण्याच्या पर्यायाने) आकडा फुगतो, पण मुळात फ्रेम कमी असतील तर बटणाला उशिरा प्रतिसाद मिळतो, आणि चुकवण्यावर उभ्या असलेल्या लढाईत तो उशीर महागात पडतो.

टीव्हीवर खेळणाऱ्यांना असाच उशीर टीव्हीचा गेम मोड बंद असल्यामुळे होतो. ‘मी वेळेवर सर्कल दाबलं होतं’ असं वाटत असेल तर आधी टीव्हीची सेटिंग बघा. पीएस५ वर सुंदर चित्रासाठी फिडेलिटी मोड लावून मग हालचाल अडखळते म्हणणाऱ्यांनी परफॉर्मन्स मोड एकदा लावून पाहावा.

ड्युअलसेन्सचे (पीएस५ च्या कंट्रोलरचे) ट्रिगर पीसीवर काम करत नाहीत? केबल जोडा आणि स्टीम इनपुट बंद करा. गरगरतंय? मोशन ब्लर आणि कॅमेरा शेक बंद करा, पीसीवर फील्ड ऑफ व्ह्यू थोडा वाढवा. मोहीम पुढे सरकत नसेल तर शेवटच्या चेकपॉइंटवरून सुरू करा. दुसरा भाग नवा असताना स्पायडर-मॅनच्या जागी चक्क पांढरा ठोकळा झोके घेताना दिसायचा. असल्या गमतींसाठी सेव्ह फाइल उडवायची गरज नसते.

जिथे दोष गेमचाच असतो

पीटरच्या मैत्रिणीच्या, मेरी जेनच्या, लपतछपत जायच्या मोहिमा पहिल्या भागात रेंगाळतात. त्याला इलाज नाही, निमूटपणे संपवा. प्रयोगशाळेतली कोडी मात्र सेटिंगमधून वगळता येतात, त्यात कमीपणा मानू नका. २०२२ चा ‘गॉथम नाइट्स’ कन्सोलवर ३० फ्रेमवरच चालतो, तिथे तुमच्या टीव्हीचा काही दोष नाही. बॅटमॅन मालिकेतल्याच ‘अर्कम नाइट’ची पीसी आवृत्ती तर जून २०१५ मध्ये इतकी बिघडलेली आली की काही दिवसांतच विक्री थांबवावी लागली आणि ती ऑक्टोबरअखेर परत आली. त्या गेममधली बॅटमोबिल या बॅटमॅनच्या गाडीची रणगाड्यासारखी भांडणं आजही अनेकांना नकोशी होतात, आणि पूर्ण शेवट पाहायचा तर रिडलर या खलनायकाची २४३ आव्हानंही पार करावी लागतात. इतका धीर नसेल तर मोस्ट वाँटेड नावाच्या बाजूच्या मोहिमांपैकी सात पूर्ण करा. तेवढ्यावर नाइटफॉल प्रोटोकॉल, म्हणजे गेमचा शेवट सुरू करणारी मोहीम, चालू करता येतो आणि शेवटाचा मोठा भाग पाहायला मिळतो.