जुन्या बाईकचं चार्जिंग: दोष बॅटरीत नव्हता

शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढताना माझ्या जुन्या अ‍ॅडव्हेंचर बाईकचा हेडलाईट पिवळा पडला, हॉर्नही बसला. जो तो म्हणे, बॅटरी बदल. मी आधी मल्टिमीटर लावला, आणि तुम्हीही तेच करा.

रात्रभर चार्जरवर ठेवलेली बॅटरी सकाळी 12.7 व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. पण गाडी चालू करून रेस दिली तरी आकडा 14 कडे सरकेना, म्हणजे बॅटरी चार्जच होत नव्हती. मग स्टेटरच्या, म्हणजे इंजिनमधल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या, तिन्ही पिवळ्या वायरी सोडवल्या आणि दोन-दोन वायरींमधलं एसी व्होल्टेज मोजलं. तिन्ही जोड्यांत सारखं, बॉडीला शॉर्ट नाही. स्टेटर शाबूत! इंजिनचं कव्हर उघडायचं टळलं.

दोष होता रेग्युलेटरच्या कपलरमध्ये. रेग्युलेटर स्टेटरची एसी वीज डीसी करून बेताच्या व्होल्टेजने बॅटरीला देतो; कपलर म्हणजे त्याच्या वायरी जोडणारा प्लग. एका पिनभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, पिनवर हिरवट थर. सैल पिन तापते, तापली की आणखी सैल होते. त्यात जळगाव-भुसावळचा 45 अंशांचा उन्हाळा.

जळका कपलर कापून वॉटरप्रूफ बसवला, पिना वायरींवर नीट क्रिंप केल्या, म्हणजे पकडीने दाबून बसवल्या. नुसत्या पीळ मारून टेप गुंडाळलेल्या जोडावर माझा विश्वास नाही. कमी तापणारा मॉसफेट रेग्युलेटर घेतला आणि वारा लागेल असा पुढे लावला. अर्थिंगच्या जोडाखालचा रंग घासून काढला. हेडलाईटला रिले (छोट्या करंटवर चालणारा, मोठा करंट थेट बॅटरीतून देणारा स्विच) दिला, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

आता रेस दिली की 14.2 व्होल्ट दिसतात. पुढचं काम यूएसबी चार्जरचं, तोही इग्निशनवर चालणाऱ्या रिलेवरूनच.