खिडक्या साफ करताना वेळ नेमका कुठे जातो? व्यावसायिकांनी या चुका टाळा

दिवाळीच्या आधी पुण्यात खिडक्या साफ करणाऱ्यांना फोनवरून सवड नसते. पावसाळ्यात जाळीत अडकलेली माती सगळ्यांना एकाच आठवड्यात दिसते, आणि दिवसाला दोन फ्लॅट झेपत असताना तीन घेतले जातात. संध्याकाळी पहिल्या ग्राहकाचा फोन येतो, "अहो, ऊन आल्यावर काचेवर नुसते पट्टे दिसताहेत." दुसऱ्या दिवशी एक माणूस परत पाठवावा लागतो, तोही फुकट. आदल्या दिवशी वाचवलेला तास गेला, वर पेट्रोल गेलं.

अशा वेळी बरेच जण पोरांना सांगतात, "हात जरा उचला." माझ्या मते सल्लाच चुकीचा आहे. एका तावदानावरून वायपर फिरवायला काही सेकंद लागतात. त्यात कितीही घाई केली तरी हाती फारसं लागत नाही. वेळ जातो तो पडदे सरकवण्यात, कुंड्या हलवण्यात, विसरलेलं फडकं शोधण्यात आणि सगळ्यात जास्त म्हणजे झालेल्या काचेवर पुन्हा हात मारण्यात. वेग वाढवायचा तो इथे.

काचेपासून सुरुवात करणं

पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटना अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात, सोबत डासांची जाळी. काच आधी भिजवली की पाणी खालच्या चॅनेलमध्ये, म्हणजे खिडकी जिच्यात सरकते त्या खाचेत उतरतं, तिथल्या धुळीचा चिखल होतो, आणि शटर, म्हणजे सरकता भाग, सरकवला की तोच चिखल स्वच्छ काचेवर येतो. म्हणून आधी जाळ्या काढून धुवायच्या आणि निथळत ठेवायच्या. मग चॅनेल कोरडं असतानाच ब्रश आणि व्हॅक्यूम, त्यानंतर चौकट, आणि काच शेवटी. काढलेल्या जाळीवर मास्किंग टेप लावून नंबर टाका. दिसायला सारख्या असल्या तरी एका खिडकीची जाळी दुसऱ्या खिडकीत बसेलच असं नाही, आणि चार जाळ्यांची अदलाबदल निस्तरण्यात अर्धा तास सहज जातो.

चॅनेलच्या बाहेरच्या बाजूला पाणी जायची बारीक भोकं असतात. ती बुजलेली राहिली तर पहिल्या जोराच्या पावसात पाणी घरात येतं आणि बोल तुम्हाला लागतो.

मिळेल ते पाणी वापरणं

पुण्यात हा मुद्दा भागानुसार बदलतो. महापालिकेचं खडकवासला धरणाचं पाणी आणि शहराच्या कडेच्या सोसायट्यांमधलं बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी यांतल्या क्षारांत मोठा फरक असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे प्यायला चालणारं पाणीसुद्धा काचेवर वाळलं तर पांढरे ठिपके सोडू शकतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. रबराने ओढून काढलेलं पाणी डाग सोडत नाही; काचेवरच वाळलेलं पाणी सोडतं. त्यामुळे वायपरने काम करत असाल तर कडा आणि थेंब सांभाळले की साधं पाणी चालून जातं. पण लांब पोलच्या ब्रशने बाहेरून धुऊन पाणी तसंच वाळू देणार असाल, तर त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्याच्या जवळ हवा. १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) वर गेलं की ठिपके दिसण्याचा धोका सुरू होतो. खिशात मावणारा टीडीएस मीटर ठेवा आणि काम घेण्याआधी नळाखाली धरा. काही सोसायट्या उत्साहाने सांगतात, "आमचं आरओचं वाया जाणारं पाणी वापरा की." ते अजिबात वापरू नका. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात.

आधीपासून बसलेले क्षाराचे डाग हे वेगळं काम आहे, त्याचा दरही वेगळा सांगा. ताजे डाग सायट्रिक अॅसिडच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने निघतात. जुने काचेत मुरलेले असतील तर पॉलिश करावं लागतं, आणि कधी कधी तेही पुरत नाही. कोपऱ्यात छोटी जागा करून पाहा, ग्राहकाला दाखवा, मग पुढचं बोला. घाईत संडासाचं अॅसिड आणणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने अॅल्युमिनियमची चौकट डागाळते, आणि खिडकीखालची शहाबादी, कोटा किंवा मार्बलची फरशी कायमची खरवडल्यासारखी होते. व्हिनेगरचा थेंबही या दगडांना सोसत नाही, म्हणून खाली प्लॅस्टिक आणि ओलं फडकं अंथरूनच सुरुवात करा.

साबणाचंही तेच. बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब पुरतात. फेस जास्त झाला की काचेवर धूसर थर राहतो, आणि तो काढायला आणखी दोन फेऱ्या लागतात.

रबर बदलायची कंजुषी

इटलीहून अमेरिकेत गेलेल्या एत्तोरे स्टेकोने यांनी १९३६ मध्ये हलक्या पितळी वायपरचं पेटंट घेतलं. आजचा काचेचा वायपर मुळात तोच: हलका दांडा आणि सहज काढता येणारी एकच रबरी पट्टी. ती बदलता यावी म्हणूनच अशी बसवलेली असते. तरी आपल्याकडे धार गेलेलं रबर महिनोन्‌महिने चालतं, आणि दोष कामगाराच्या हाताला दिला जातो.

पट्टे बघून कारण ओळखता येतं. प्रत्येक ओढीत त्याच जागी बारीक ओली रेघ उमटत असेल तर रबराला खाच पडली आहे किंवा कण चिकटला आहे. पुसा, उलटं लावा, नाहीतर बदला. दोन ओढींच्या मधोमध रेघ असेल तर दुसरी ओढ पहिलीवर पुरेशी चढवलेली नाही. रबर कर्रकर्र वाजत थांबत जात असेल तर काच कोरडी किंवा तापलेली आहे. सगळीकडे धुरकट दिसत असेल तर रबर निर्दोष आहे, पाणी किंवा कापड मळकं आहे. रेघ दिसली की जोर वाढवायचा, ही सर्रास दिसणारी चूक. जोराने रबर वाकतं आणि रेघा वाढतात.

मोठा वायपर म्हणजे जास्त वेग, हेही नेहमी खरं नसतं. २२ इंची शटरला १४ इंची वायपरच्या दोन ओढी लागतात आणि १८ इंचीच्याही दोनच. शिवाय बाहेर लोखंडी ग्रिल असेल तर १८ इंची वायपर गजांमधून जातच नाही. ग्रिलवाल्या खिडक्यांना छोटा वायपर ठेवा आणि अंदाज देताना त्या वेगळ्या मोजा. आपल्या शहरात दिवसाचं गणित ग्रिलमुळेच बिघडतं.

ऊन न बघता काम लावणं

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा पश्चिमेच्या काचेवर दुपारी साबणाचं पाणी वायपर पोहोचायच्या आत वाळतं. घरात शिरल्यावर आधी दिशा विचारा. पश्चिमेच्या खिडक्या सकाळी, पूर्वेच्या दुपारनंतर.

घाईत पातं चालवणं

नुकताच ताबा मिळालेल्या फ्लॅटमध्ये काचेवर प्लास्टर, रंग, सिलिकॉन असतं. ब्लेडने ते भराभर निघतं, म्हणून मोह होतो, आणि सगळ्यात महागडं नुकसान इथेच होतं. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या काचेवर कारखान्यातच सूक्ष्म कण चिकटलेले असू शकतात. पातं त्यांना ओढत नेतं आणि काचभर ओरखडे उठतात. काच टफन्ड आहे का ते कळायला कोपऱ्यातला छाप बघा. सन फिल्म लावलेल्या काचेला किंवा उघड्या बाजूला कोटिंग असलेल्या रिफ्लेक्टिव्ह काचेला ब्लेड लावायचंच नाही. साध्या काचेवर लावायचं तर आधी भिजवा, नवं पातं घ्या, एकाच दिशेने ढकला आणि मागे आणताना उचला. काम सुरू करण्यापूर्वी जुन्या ओरखड्यांचे फोटो काढून ग्राहकाला पाठवा.

कबुतरांची विष्ठाही कोरडी खरवडू नका. भिजू द्या आणि मास्क लावा, कारण ती धूळ फुफ्फुसात जाते.

उंचीवर वेळ वाचवणं

इथे फार बोलण्यासारखं काही नाही. एसीचा छज्जा उभं राहण्यासाठी नसतो, आणि ग्रिल हा हार्नेसचा आधार नव्हे. बाहेरून हात पोहोचत नसेल तर पोल वापरा, नाहीतर तेवढं काम रोप अॅक्सेसच्या, म्हणजे दोराला लटकून काम करणाऱ्या, प्रशिक्षित टीमला द्या. वारा सुटला असेल तर काम थांबवा. ग्राहक कुरकुरला तरी चालेल.

सगळीकडे शोरूमसारखी चकाकी

उलटी चूकही होते. डक्टकडे उघडणाऱ्या बाथरूमच्या झरोक्याची कड काही पोरं पाचपाच वेळा पुसत बसतात, आणि हॉलची मोठी खिडकी, जिथे पाहुणे बसतात, ती शेवटी घाईत उरकली जाते. हॉल आणि मास्टर बेडरूम ताज्या हाताने आधी करा. दरात काय येतं आणि काय नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं की शेवटची घासाघीस टळते.

शेवटी रेघ दिसलीच तर ती आतून की बाहेरून, यावर दोन माणसं वाद घालत बसतात. आत उभ्या ओढी आणि बाहेर आडव्या, असा नियम करून टाका; रेघेची दिशा बघून बाजू कळते. काच समोरून न बघता तिरकी बघा. आणि ग्राहकाबरोबर ही फेरी बादली रिकामी करायच्या आधी मारा, म्हणजे "इथे राहिलंय की" म्हटलं तर हात लगेच फिरवता येतो.