डेव्हन रेक्स पाळताय? कुरळ्या केसांखालची कातडी सांभाळताना या चुका टाळा

घरात मांजर आलं की आपण आधी ब्रश आणतो. मीही आणला होता. तारांचा, लांब केसांच्या मांजरांसाठी मिळतो तसा. आमची मनी डेव्हन रेक्स जातीची, तेव्हा जेमतेम सात महिन्यांची होती. रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन मी मन लावून विंचरायचे. तिलाही ते आवडायचं, पाठ उचलून ती ब्रशला भिडायची. तीन आठवड्यांत पाठीवरचं कुरळं विरळ झालं आणि मानेमागे दोन बोटं रुंदीचा पट्टा उघडा पडला. काहीतरी रोग जडला म्हणून मी तिला घेऊन डॉक्टरांकडे धावले. त्यांनी पट्ट्याच्या कडेचे चार केस चिमटीत धरून काढले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि म्हणाले, "हे गळलेले नाहीत, मधूनच तुटलेत. ब्रश कुठला वापरता?"

तेव्हापासून या जातीबद्दल कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते: डेव्हनच्या कुरळ्यांना आपली फारशी गरज नसते. गरज असते ती त्याखालच्या कातडीला.

हे केस इतके नाजूक का?

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात, बकफास्टले इथे, १९६० च्या सुमारास बेरिल कॉक्स यांच्याकडे एक कुरळं पिल्लू जन्मलं. त्याचं नाव किरली. बंद पडलेल्या खाणीच्या आसपास वावरणारा एक कुरळा भटका बोका हा त्याचा बाप असावा, असं मानलं जातं. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये १९५० मध्येच कॅलिबंकर नावाचा कुरळा बोका जन्मला होता आणि त्याच्यापासून कॉर्निश रेक्स ही जात तयार होत होती. साहजिकच दोन्हीकडचा कुरळेपणा एकच असेल असं वाटून किरलीची जोडी कॉर्निश माद्यांशी लावली गेली. पिल्लं झाली ती सगळी सरळ केसांची! दोन्ही जातींचे जनुक वेगळे आहेत हे असं कळलं. आजच्या डेव्हन रेक्सची वंशावळ किरलीपर्यंत जाते.

हा जनुक कोणता, हे २०१० मध्ये सापडलं. त्याचं नाव केआरटी-७१. केसाच्या मुळाभोवतीच्या आतल्या आवरणातलं केराटिन या जनुकावर ठरतं. केस वाढताना हे आवरण त्याला साच्यासारखं धरून ठेवतं. साचाच कमकुवत असेल तर केस वाकडातिकडा वाढतो आणि जागोजागी बारीक होतो. बारीक झाला तिथेच तो तुटतो. बिनकेसांच्या स्फिंक्स मांजरांमध्येही याच जनुकात बदल असतो, फक्त तो वेगळ्या प्रकारचा. म्हणजे डेव्हनचा कुरळेपणा आणि स्फिंक्सचं उघडं अंग यांचं मूळ एकाच ठिकाणी आहे. एवढं लक्षात ठेवलं तरी तारांच्या ब्रशला हात लावावासा वाटणार नाही.

मग विंचरायचं कशाने? बहुतेक दिवशी हाताने. तळवा किंचित ओला करून केसांच्या दिशेने फिरवला की सुटे केस हाताला येतात. आठवड्यातून एकदा मऊ रबरी ब्रश किंवा लहान बाळांचा ब्रश अगदी हलक्या हाताने फिरवला तरी पुष्कळ. मशीन लावून केस कापायचा विचार तर मनातसुद्धा आणू नका. मनीचा तो पट्टा भरून यायला चार महिने लागले.

मिशांचंही तसंच. डेव्हनच्या मिशा आखूड, वळलेल्या आणि बऱ्याचदा तुटलेल्याच असतात. कुणीतरी कापल्या किंवा अंगात कसली तरी कमतरता आहे, असं समजून पूरक औषधं सुरू करू नका.

टक्कल दिसलं की औषध, किंवा उलट: टक्कल दिसलं तरी दुर्लक्ष

या दोन्ही चुका सारख्याच होतात. पिल्लं जन्मतात तेव्हा अंगावर छान लाटा असतात. काही आठवड्यांनी बरीच पिल्लं ते केस टाकतात आणि सोललेल्या पीचसारखी दिसू लागतात. हे नैसर्गिक आहे. पूर्ण केस यायला वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ लागू शकतो. मोठेपणीही गळा, छाती आणि पोट यांवर नुसती लव असणं हे डेव्हनमध्ये सर्रास दिसतं.

पण प्रत्येक उघडी जागा 'जातीचा गुण' म्हणून सोडून देणंही धोक्याचं. मी कातडी बघते. ती गुळगुळीत, एकसारख्या रंगाची आणि कोरडी असेल, मांजर तिथे खाजवत नसेल, तर चिंता नाही. गोल चकती, कडेला पापुद्रे, लाली, पुरळ, तेलकट वास किंवा एकाच जागी सतत चाटणं यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचं. गोल चकती गजकर्णाची असू शकते आणि मांजराचं गजकर्ण माणसालाही होतं. घरात लहान मूल असेल तर उद्यावर ढकलू नका.

तेल लावणं आणि माणसांचा शाम्पू

केस रुक्ष दिसतात म्हणून कुणी तेल चोळतं, कुणी कंडिशनर लावतं. डेव्हनची कातडी मुळातच तेल सोडते. इतर मांजरांत ते तेल दाट केसांवर पसरून जातं, इथे पसरायला केसच अपुरे, म्हणून ते कातडीवर साचतं. वरून आणखी तेल घातलं की मॅलासेझिया नावाच्या यीस्टला, म्हणजे एका सूक्ष्म बुरशीला, आयतंच रान मिळतं. ही यीस्ट मांजरांच्या कातडीवर एरवीही असते, डेव्हनवर मात्र ती जास्त फोफावते. मग कातडी चिकट होते, बगलेत आणि जांघेत तपकिरी थर बसतो आणि खाज सुरू होते.

टी ट्री ऑइल आणि तत्सम सुगंधी अर्क तर मांजरांसाठी विषच. अंगावर लावलेलं ती चाटून पोटात घेणारच. पिसवांसाठी कुत्र्यांचं परमेथ्रिनवालं औषध लावणं हीदेखील तशीच जिवावर बेतणारी चूक.

अंघोळ किती दिवसांनी घालायची, याचं एकच उत्तर नाही. काही डेव्हनना वर्षातून एखाददुसरी अंघोळ पुरते, काहींना तीन-चार आठवड्यांनी लागते. खच्ची न केलेले बोके जास्त तेलकट असतात. मी कापूस कोमट पाण्यात भिजवून पोटावरून फिरवते. कापूस पिवळट-तपकिरी झाला तर पाणी तापवायचं, नाही झाला तर नाही. शाम्पू मांजरांचाच हवा आणि तो पूर्ण धुऊन निघायला हवा. बगलेत राहिलेला फेस दोन दिवसांनी लालीच्या रूपाने परत दिसतो. नंतर टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. अंग पूर्ण सुकेपर्यंत मांजर उबेत असलं पाहिजे.

कान आणि नखं: सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच

लोक केसांची काळजी करतात आणि कान महिनोन्महिने बघत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. डेव्हनचे कान भलेमोठे आणि आत जवळजवळ उघडे असतात. मळ लवकर साचतो. दर आठवड्याला कानाची पाळी हळूच मागे दुमडून बघा. थोडा पिवळट किंवा फिका तपकिरी मेणासारखा मळ चालतो. डॉक्टरांनी दिलेलं कान साफ करायचं द्रावण कापसावर घ्यायचं आणि बोट जाईल तेवढाच भाग पुसायचा. काडीला गुंडाळलेला कापूस आत घालू नका, त्याने मळ आणखी आत ढकलला जातो. मळ काळा, कोरडा, कॉफीच्या चुऱ्यासारखा असेल, मांजर डोकं झटकत असेल किंवा कानाला आंबूस वास येत असेल, तर पुसणं थांबवून तपासून घ्या. कानातले किडे आणि यीस्ट यांची औषधं वेगवेगळी असतात, अंदाजाने थेंब घालण्यात अर्थ नाही.

आता पंजा हातात घ्या. बोटाच्या गादीवर हलकं दाबलं की नख बाहेर येतं. नखाच्या मुळाशी, कातडीच्या घडीत बघा. तपकिरी, चिकट, ग्रीससारखा थर दिसतो का? पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती माती वाटली होती. ते कातडीचंच तेल असतं आणि बऱ्याचदा त्यात यीस्ट असते. कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं घडीत अर्धा मिनिट धरून ठेवायचं. थर मऊ झाला की तो एका पुसण्यात निघतो. नखाने खरवडून काढायला गेलात तर घडी सोलवटते. दर दोन आठवड्यांनी नखं कापताना हे सोबतच उरकतं. एका बैठकीत चारही पंजे झालेच पाहिजेत असा हट्ट नको. एक पंजा, थोडा खाऊ, आणि सोडून द्यायचं.

अंग गरम लागतं म्हणून ताप समजणं

मांजराच्या शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. दाट केसांमुळे ते आपल्या हाताला कळत नाही, डेव्हनचं मात्र थेट कळतं. म्हणून ती कायम तापलेली वाटते. ताप हातावर ठरवू नका, थर्मामीटरने मोजा. आणि काहीही झालं तरी माणसाची पॅरासिटामॉल देऊ नका. छोटासा तुकडासुद्धा मांजराचा जीव घेऊ शकतो.

ही ऊब अंगावरून लवकर निघूनही जाते, त्यामुळे डेव्हन सतत उबदार जागा शोधते. हीटरला चिकटून झोपणारी मांजरं भाजतात, कारण मध्ये केसांचा थर नसतो. हीटरला जाळी हवी आणि विजेवर तापणाऱ्या गादीवर जाड पांघरूण. कडक उन्हात तासन्‌तास पडून राहणाऱ्या, विशेषतः फिक्या रंगाच्या डेव्हनची कातडी उन्हाने भाजते. कपडे घालणार असाल तर मऊ सुती, आणि दिवसातून एकदा काढून खालची कातडी बघायची. गळ्यातला पट्टाही तसाच, रोज उचलून बघण्याचा.

भूक दिसली की वाटी भरणं

डेव्हन हावरट असते हे खरं. ऊब टिकवायला आणि दिवसभराच्या उड्यांना तिला ऊर्जाही लागते. पण भरलेली वाटी दिवसभर समोर ठेवली तर ती खातच राहते, आणि बारीक पायांच्या या मांजराला वाढलेलं वजन पेलत नाही. दिवसाचं खाणं सकाळीच मोजून तीन-चार वेळांत वाटा. महिन्यातून एकदा वजन करून लिहून ठेवा.

'हिची ॲलर्जी होत नाही' म्हणून आणणं

मांजराच्या ॲलर्जीला मुख्यतः फेल-डी-१ हे प्रथिन कारणीभूत असतं आणि ते लाळेत आणि कातडीच्या तेलात असतं. डेव्हनचे केस घरभर कमी दिसतात, पण लाळ आणि तेल तर आहेच. ॲलर्जी असलेल्या माणसाने आधी त्या मांजराजवळ पुन्हापुन्हा, बराच वेळ बसून बघावं. घरी आणून दोन महिन्यांनी परत करणं त्या जिवावर फार मोठा अन्याय आहे. कारण डेव्हन माणसाला चिकटून राहणारी जात आहे. खांद्यावर, मानेभोवती, पांघरुणात, जिथे माणूस तिथे ती. दिवसाचे दहा तास घर रिकामं राहणार असेल, तर जोडीला दुसरं मांजर आणा किंवा दुसरी जात निवडा.

कागद न बघता पिल्लू घेणं

एखादं पिल्लू मागच्या पायांवर बसून पुढचे दोन्ही पंजे वाटीच्या किंवा खुर्चीच्या कडेवर टेकवतं. हात जोडल्यासारखं दिसतं, लोक कौतुकाने फोटो काढतात. डेव्हनमध्ये ही बसण्याची तऱ्हा पुन्हापुन्हा दिसली, सोबत मान खाली झुकत असेल आणि थोडं खेळून पिल्लू दमत असेल, तर तो स्नायूंचा आनुवंशिक आजार असू शकतो. मान उचलून धरता येत नाही म्हणून ते आधार घेत असतं. लक्षणं साधारण तीन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत दिसू लागतात. गिळताना घास अडकून अशी मांजरं गुदमरतात. दोष सीओएलक्यू या जनुकात असतो, आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो आणि जनुकीय चाचणीत तो कळतो. दोन्ही पालकांचे अहवाल मागा. मोठ्या मांजरांचा हृदयाचा इको आणि गुडघ्याच्या वाट्या सरकतात का याची तपासणी झाली आहे का, तेही विचारा.

पिल्लू घरी आल्यावर दोन तपासण्या नसबंदीच्या आधीच करून घ्या. पहिली, रक्त गोठण्याची. काही डेव्हनमध्ये जीवनसत्त्व 'के'शी संबंधित दोष असतो आणि तो बऱ्याचदा शस्त्रक्रियेत रक्त थांबेनासं झालं की उघडकीला येतो. आधी कळला तर गोळ्यांनी आवरता येतो. दुसरी, रक्तगटाची. बहुतेक मांजरांचा गट 'ए' असतो, डेव्हनमध्ये मात्र 'बी' गट बराच आढळतो. 'बी' गटाच्या मांजराच्या रक्तात 'ए' गटाविरुद्धची प्रतिपिंडं मुळातच असतात, त्यामुळे त्याला 'ए' गटाचं रक्त पहिल्यांदाच चढवलं तरी ते दगावू शकतं. याच कारणाने 'बी' गटाच्या मादीची जोडी 'ए' गटाच्या बोक्याशी लागली, तर जन्मलेली 'ए' गटाची पिल्लं आईचं पहिलं दूध पिऊन मरू शकतात. मनीचा गट 'बी' निघाला. तो तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलाय आणि तिच्या पिंजऱ्याच्या झाकणावरही.